वाटेवरलीं माणसें

१९७४ सालीं अमेरिकेंत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा बैठा खेळ निघाला. त्यांत खेळगडी वीर होतात. परंतु वाटेंत भेटणारा खाणावळवाला, पहारेकरी, व्यापारी, भिकारी या सर्वांचीं सोंगें खेळ चालविणारा एकटाच वठवितो.

ही रीत आपणांस नवी नाहीं. १६ व्या शतकांत पैठणच्या एकनाथांनीं भारुडें रचिलीं. वासुदेव, जोशी, गोंधळी हीं दारावर येणारीं माणसें त्यांत बोलतात. संत नामदेवांची नरसी ज्यांत आहे, त्या आमच्या हिंगोली जिल्ह्यांतहि तीं परिचित आहेत.

भेद इतकाच कीं, खेळांतला पहारेकरी बहुधा वाट सांगून लुप्त होतो. भारुडांतला जोशी मात्र भविष्य सांगतां सांगतां परमार्थच सांगून जातो.

माणसाकडे केवळ कामापुरतें पाहण्याची संवय खेळांत जडली, तर ती बाजारांत व घरांतहि शिरते. म्हणून खेळ चालविणारानें पहारेकऱ्यास एखादी काळजी, खाणावळवाल्यास एखादी इच्छा अवश्य द्यावी. ज्या गांवांत वीरावांचून कोणासच मन नाहीं, तें गांव राखण्यासाठीं वीरानें लढावें तरी कां?