खेळाचा क्लब आणि चहाची वेळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'टेनिसचा क्लब' हा आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहीजणींना हसू आले असेल. संत्र्याच्या कलमांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या शेंदूरजनाघाटात टेनिसचे काय काम, असेही वाटले असेल. परंतु यंदा आपले मंडळ स्त्रियांसाठी खेळाचा तास सुरू करणार आहे. तेव्हा असा क्लब कशाने चालतो व कशाने मोडतो, हे आधी पाहून घेतलेले बरे. त्यासाठी टेनिसच्या क्लबाचे उदाहरण फार उपयोगी पडते.

टेनिसच्या मैदानाला कोर्ट म्हणतात. आखलेले कोर्ट ७८ फूट लांब व ३६ फूट रुंद असते. धावण्यासाठी भोवतालची मोकळी जागा धरली म्हणजे सुमारे १२० फूट लांब व ६० फूट रुंद जमीन लागते. आपल्या हिशेबाने सांगावयाचे तर साडेसहा गुंठे. वीस-वीस फुटांवर लावलेल्या संत्र्याच्या अठरा झाडांची जागा! मध्ये जाळी असते. ती खांबांपाशी साडेतीन फूट व मधोमध तीन फूट उंच.

आपल्याकडे मातीची कोर्टे पुष्कळ. खाली मुरूम, वर चाळलेली माती, त्यावर पाणी मारून रोलर फिरवावयाचा. काही ठिकाणी वरून शेणाचा कालाही देत. अंगण सारवणाऱ्या बाईला यात नवल वाटावयास नको. चुन्याने मारलेल्या रेघा पायांखाली पुसतात, त्या पुन्हा माराव्या लागतात. जाळी उतरवून ठेवावी लागते. चेंडू वापरून मऊ पडतात, नवे घ्यावे लागतात; म्हणजे वर्गणी वेळेवर यावयास हवी. कोर्ट एक आणि खेळणारे बारा असले म्हणजे चौघांनी खेळून पुढच्या चौघांना जागा द्यावी लागते. ज्या क्लबात पाळी पाळली जात नाही, तेथे चार दिवसांत भांडण होते. हे सारे घर चालविण्यासारखेच आहे. सामना पाहावयास गाव जमते. रोलर फिरविणारा कोणाच्या नजरेस पडत नाही.

हा रोलर फिरविणाऱ्याचा विषय मी मुद्दाम काढला आहे. जुन्या क्लबांत 'मार्कर' नावाचा नोकर असे. कोर्ट आखणे, जाळी बांधणे ही त्याची कामे. आणि एखाद्या सभासदाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळणे हेही त्याचेच काम. कित्येकदा सभासदांपेक्षा त्याचाच हात चांगला असे. परंतु सभासदांच्या यादीत त्याचे नाव नसे.

पुण्याची एक हकीकत ऐका. तेथील गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात १८९२ च्या सुमारास बाळू पालवणकर नावाचा चर्मकार समाजातील मुलगा महिना ४ रुपयांवर नोकरीस लागला. क्रिकेटच्या खेळपट्टीवर रोलर फिरविणे, जाळ्या उभ्या करणे आणि लागेल तेव्हा टेनिसची कोर्टे आखणे, हे त्याचे काम. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो अव्वल दर्जाचा गोलंदाज झाला. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्याला आपल्यात घेतले. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांना चालत होता. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, आणि त्याला तो बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताटही निराळे. याच बाळू पालवणकरांनी १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला जाऊन शंभरावर गडी बाद केले. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे १९२३ साली हिंदू संघाचे कप्तान झाले. दरवाजा उघडला खरा, पण त्यासाठी केवढा काळ जावा लागला!

भगिनींनो, क्लबाची खरी परीक्षा कोर्टावर होत नाही. ती चहाच्या वेळी होते.

स्त्रियांना या खेळाचे वावडे कधीच नव्हते. विंबल्डनची स्पर्धा १८७७ साली सुरू झाली आणि सातच वर्षांनी, १८८४ साली, तेथे स्त्रियांचे सामने होऊ लागले. पुण्यात जन्मलेल्या पंडिता क्षमाबाई राव संस्कृतात काव्ये व कथा लिहीत, आणि टेनिसही खेळत. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विंबल्डनमध्ये सामना जिंकला. असा विजय मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई खेळांत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णा यांच्याबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. आणि आपल्या अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे देशी खेळ करून दाखविले. मोठी कामे मोठ्या शहरांतच होतात, असे नाही.

आपल्याला टेनिसचे कोर्ट परवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु त्याची धाकटी बहीण रिंग टेनिस आपल्याला परवडेल. तिला ४० फूट बाय १८ फूट आखणी पुरते, म्हणजे टेनिसला लागणाऱ्या जागेचा दहावा हिस्सा. एक जाळी आणि एक रबरी रिंग झाली की काम भागले. रिंग एका हाताने झेलावयाची व एकाच हाताने परत टाकावयाची. लुगडे खोचूनही खेळता येते, पन्नाशीतही खेळता येते.

आता मनातले बोलते. खेळाच्या तासाची चर्चा निघाली तेव्हा एक प्रश्न हळू आवाजात पुढे आला. कलमांच्या नर्सरीत डोळे बांधावयास रोजाने जाणाऱ्या बाया आल्या तर? एकीने म्हटले, "खेळू द्या की त्यांना, पण चहाला त्यांचे निराळे असू द्या." हे बोलणाऱ्या बाई वाईट नाहीत. जुनी सवय त्यांच्या तोंडून बोलली. परंतु ती सवय आपण मान्य केली, तर पुण्यातले ते मातीचे भांडे आपण आपल्याच हाताने आणून ठेवू. ज्या बोटांनी बांधलेली कलमे आपल्या बागांत वाढतात, त्या बोटांना आपला कप चालणार नाही काय?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, वर्गणी इतकी लहान असावी की रोजाने जाणारीलाही ती जड वाटू नये. दुसरी, खेळाची वेळ दुपारची ठेवू नये. दुपारी मोकळ्या असतात त्या आपल्यापैकी थोड्याजणी. बाया कामावरून परतल्यानंतरची, दिवेलागणीपूर्वीची वेळ धरावी, आणि त्या तासापुरते सासवांनी सुनांना मोकळे सोडावे. तिसरी, चहा सर्वजणींना एकाच किटलीतला व एकसारख्या कपांतून द्यावा. कप धुण्याची, मैदान झाडण्याची आणि चुन्याची रेघ मारण्याची पाळी यादीप्रमाणे प्रत्येकीवर यावी, अध्यक्षीणबाईंवरही यावी.

पहिले काही दिवस काहीजणी घरी बसतील. बसू द्या. रिंग हवेत उडू लागली व हसण्याचा आवाज गल्लीत ऐकू आला, म्हणजे त्याही येतील. त्यांच्यासाठी कप काढून ठेवावा.

कार्यकारिणीने या सूचनांचा विचार करावा, अशी विनंती करते आणि आपली रजा घेते.