रत्नागिरी जिल्ह्यातील बदलते रोजगार
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या तरुणांच्या पोटापाण्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली आहे. ‘जिल्ह्यात काम नाही’ हे वाक्य आपल्या घरोघरी ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे, असे माझे नम्र मत आहे.

आपल्या जिल्ह्याला सर्वांत अधिक पोसणारा धंदा जिल्ह्यात नव्हताच. तो मुंबईत, परळ-लालबागेत होता. सातवी झालेला मुलगा गावच्या खोलीत पथारी टाकी, चुलता किंवा मामा त्याचे नाव बदली कामगारांत लावी, आणि काही वर्षांनी तो साचाखात्यात कायम होई. त्याच्या मनीऑर्डरीवर इकडची भातशेती तग धरी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि ती वाट कायमची बुजली. मी त्या सुमारास नुकताच शिक्षक झालो होतो. ऐन सत्रात मुंबईच्या शाळांचे दाखले घेऊन मुले येत व बाके अपुरी पडत.

तथापि, पुढे जिल्ह्यात काम आलेच नाही असे नव्हे. १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेमुळे वरकस जमिनींवर हापूस आणि काजू उभे राहिले. मासेमारी यांत्रिक झाली. लोटे-परशुराम येथे रासायनिक कारखाने आले. (त्यांच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतील मासळी मरते, अशी तक्रार खाडीकाठचे मच्छिमार वर्षानुवर्षे करीत आहेत. एकाचा रोजगार वाढताना दुसऱ्याचा घटतो, तो असा.) दाभोळच्या वीजप्रकल्पाच्या उभारणीत हजारो हातांना काम मिळाले, परंतु बांधकामाचे काम बांधकामाबरोबरच संपते, आणि तो प्रकल्प तर १९९९ साली सुरू होऊन २००१ साली बंद पडला. २००५ नंतर नव्या कंपनीकडे जाऊन तो पुन्हा चालू झाला, तरी अशा ठिकाणी कायमची माणसे थोडीच लागतात.

मग बागेतले व बंदरावरचे काम कोण करतो? हापूसच्या बागांची राखण आज ठिकठिकाणी नेपाळहून आलेली माणसे करतात. फवारणीचा पंपही पुष्कळदा त्यांच्याच हाती असतो. नौकेवर तांडेल इथला, खलाशी नेपाळचे! ते हजारो कोस चालून येतात आणि आपली मुले त्याच वेळी मुंबई-पुण्याच्या गाडीत बसतात. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ झाली. त्याच गणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. कर्ते पुरुष बाहेर आहेत, हाच याचा अर्थ. शाळांचे पट घटले, त्यामुळे शिक्षकाची नोकरी, जी आपल्या ज्ञातीस प्रिय, तीही आटली.

आता थोडे कटू बोलतो. वडीलकीच्या नात्याने क्षमा असावी. मुलगा गावी राहून दोनशे कलमे सांभाळतो, असे सांगितले की मुलीकडील मंडळी विचारतात, ‘पण नोकरी कुठे?’ मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहून तुटपुंज्या पगारावर राबणारा मुलगा मात्र त्यांस चालतो. गावातला रोजगार लग्नाच्या बाजारात असा नापास होत असेल, तर तरुणाने तेथे का थांबावे? मजुरी कमी आणि काम हंगामी, ही अडचण खरी आहे. परंतु बागायतदारास फवारणीचे यंत्र दुरुस्त करणारा, बर्फाच्या कारखान्यास शीतयंत्र जाणणारा, नौकेस डिझेल इंजिनाचा मिस्त्री बारमाही लागतो, आणि तो वेळेवर मिळत नाही.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. आपली पारितोषिके आजवर केवळ शालान्त परीक्षेतील गुणांवर दिली जातात. त्यांपैकी निम्मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अशी कामे शिकणाऱ्या मुलामुलींस द्यावीत. दुसरी सूचना वधूवर सूचक पुस्तिकेसंबंधी आहे. तीत ‘नोकरीचे ठिकाण’ असा रकाना आहे. तो काढून ‘व्यवसाय व वार्षिक उत्पन्न’ असा रकाना घालावा, आणि येत्या अंकापासूनच घालावा, अशी माझी विनंती आहे.