याकोबाने सांत्वन का नाकारले?



येत्या शब्बाथला आपण ‘वायेशेव’ हा पराशा वाचणार आहोत. योसेफाचा रक्ताने माखलेला झगा याकोबापुढे ठेवला जातो. मुलेमुली त्याचे सांत्वन करू पाहतात. तो ते स्वीकारीत नाही. राशींनी याचे कारण मोठ्या मार्मिकपणे सांगितले आहे. मृतांचे दुःख काळाने ओसरावे अशी ईश्वरी योजना आहे. परंतु जो जिवंत असून मृत समजला गेला, त्याच्याविषयी ती लागू पडत नाही. याकोबाची जखम बावीस वर्षे ओली राहिली ती यामुळेच.

हे वाचताना मला याच देशातील येमेनी आयांचे स्मरण होते. १९४९-५० मध्ये सुमारे ५०,००० येमेनी यहुदी विमानांनी येथे आणले गेले. रोश हाअयिन, एन शेमेर येथील छावण्यांत तान्ही मुले तंबूंतून बालगृहांत, तेथून दवाखान्यांत नेली जात. काही दिवसांनी आईला कळे, मूल वारले. देह दाखविला जात नसे. पुष्कळदा कबरही नाही. या लोकांना प्रार्थनेची हिब्रू मुखोद्गत होती, पण कचेरीची हिब्रू येत नव्हती. आपल्या आज्यांनीही कारकुनापुढे मराठीत बोलून पाहिले आहे. ती असहायता आपणांस परकी नाही.

माझ्या शेजारी अशीच एक माउली राहत असे. आम्ही सारे त्यांना इम्मा म्हणत असू. त्यांचा थोरला मुलगा वारल्याचे सांगण्यात आले होते. आणि सतरा-अठरा वर्षांनी त्याच्याच नावे सैन्यभरतीचा कागद आला! असे कागद तेव्हा अनेक घरी आले. मृत्यूची नोंद लोकसंख्येच्या नोंदवहीत झाली नसावी, हे सरकारी उत्तर. ते खरेही असेल. इम्मांनी मात्र तो कागद सिद्दूरमध्ये जपून ठेवला.

चौकशीसाठी एकामागून एक तीन समित्या नेमल्या गेल्या. २००१ मध्ये केदमी समितीने संघटित अपहरणाचा आरोप फेटाळला. बहुतेक मुले मृत्यू पावली असे म्हटले. परंतु ५६ मुलांचे काय झाले, हे तिलाही सांगता आले नाही. काही मुले कोणा कर्मचाऱ्याने परस्पर दत्तक दिली असण्याची शक्यताही तिने नाकारली नाही. २०२१ मध्ये सरकारने खेद व्यक्त करून भरपाई देऊ केली. मूल वारल्याचे सांगितले, पण कबर वेळेवर दाखविली नाही, तेथे १,५०,००० शेकेल. ज्याचा थांगच नाही, तेथे २,००,०००. अनेकांनी ती नाकारली, आणि मला त्यांचे आश्चर्य वाटत नाही.

आपल्या धर्मशास्त्रात शोकालाही आरंभ लागतो. दफन झाले की शिवा सुरू होतो. देह मिळत नसेल, तर शोधाची आशा सोडल्यापासून. आता सांगा, आईने आशा कोणत्या दिवशी सोडावी? सोडली नाही, तर शिवा नाही, कद्दिश नाही, दिवा लावावयास तिथी नाही. २०१८ च्या कायद्याने न्यायालयाच्या अनुमतीने कबर उघडून डीएनए तपासण्याची वाट मोकळी झाली. मला ही वाट त्या रकमेहून मोलाची वाटते. पण इम्मा तोवर हयात नव्हत्या.

त्यांच्या वर्षाच्या दिवशी धाकटा मुलगा सिनेगॉगमध्ये येतो. आईवडिलांच्या नावे हश्काबा म्हणवून घेतो. थोरल्या भावाच्या नावे मात्र जिवंतांसाठीचा मी शेबेराख.