निवृत्तीची तारीख



गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया, रेल्वे यांतील नोकऱ्यांवर जबलपूरमधील अनेक मराठी कुटुंबे उभी राहिली. तेथे साठीला निरोपसमारंभ ठरलेलाच. शि. द. फडणीसांचे तसे नव्हते. १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातील भोज येथे जन्मलेल्या या कलावंताने व्यंगचित्रकला हाच स्वतंत्र व्यवसाय मानला. ‘मोहिनी’ची मुखपृष्ठे रंगविली, गणिताची पाठ्यपुस्तके हसरी केली आणि साठीनंतरही कुंचला खाली ठेवला नाही.

अशा व्यवसायात निवृत्तिवेतन नसते; मात्र थांबण्याची तारीखही दुसरा कोणी ठरवीत नाही. पाल्याने असा मार्ग निवडल्यास, ‘पेन्शनचे काय?’ हे अवश्य विचारा. परंतु ‘साठीनंतरही हेच करावेसे वाटेल का?’ हेही विचारा. उत्तर ‘होय’ असेल, तर त्याला आशीर्वाद द्या.