करणाऱ्याने लिहावे

माझा एक भाचा जयपुरात सॉफ्टवेअर अभियंता आहे. सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे कार्यालय. मीही सरकारी नोकरीच्या निमित्ताने याच शहरी असल्यामुळे रविवारी तो आमच्याकडे जेवावयास येतो. मागच्या रविवारी ताकभात कालवता कालवता त्याने मला विचारले, "मामा, मी माझ्या कामाविषयी लिहू लागलो, तर तुम्हांला हसू येईल का? साहेबांसाठी नव्हे, माझ्या स्वतःच्या नावाने, कोणालाही वाचता येईल असे."

मी म्हटले, "हसू कशाला येईल? पण तुला ही बुद्धी का झाली, ते सांग."

तेव्हा त्याने एका रात्रीची हकीकत सांगितली. त्याच्या कंपनीची एक संगणक-प्रणाली मध्यरात्री बंद पडली. जाड जाड ग्रंथ पाहून झाले, वरिष्ठांना उठवून झाले, उपाय सापडेना. पहाटे चारच्या सुमारास कोणा अनोळखी माणसाने आठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले अर्ध्या पानाचे टिपण त्याच्या दृष्टीस पडले. हीच अडचण त्या गृहस्थालाही आली होती. त्याने काय काय करून पाहिले, काय फसले आणि शेवटी काय साधले, ते त्याने साध्या शब्दांत नोंदवले होते. दहा मिनिटांत काम झाले. "त्या माणसाचे ऋण कसे फेडावे, असे वाटू लागले," भाचा म्हणाला. "पण लिहावयास बसलो की हात अडतो. मला नवीन असे काय ठाऊक आहे? चूक झाली तर चारचौघांत शोभा. आणि वाचणार तरी कोण?"

शंका रास्त होत्या. उत्तरासाठी मात्र मला पुस्तकांच्या कपाटाकडे जावे लागले नाही. हे जयपूर शहरच त्यांचे उत्तर आहे.

पहिली शंका, नवीन काय सांगावे ही. सवाई जयसिंहाने १७२७ साली हे नगर वसवले. त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे पंडित होते; ते मूळचे महाराष्ट्रीय, असे परंपरा सांगते. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. तिचे नाव 'रेखागणित'. त्यातला एकही सिद्धान्त जगन्नाथपंडितांचा स्वतःचा नव्हे, आणि तसा दावाही ते करीत नाहीत. ग्रंथारंभी ते इतकेच म्हणतात की, हे शास्त्र परंपरेने चालत आले होते, मध्यंतरी ती परंपरा तुटली, आणि महाराजांच्या आज्ञेने मी ते पुन्हा प्रकाशात आणतो. परंपरा तुटली! केवढा मोठा अनर्थ त्यांनी एवढ्याशा वाक्यात सांगितला आहे! पुढे १९०१-०२ मध्ये हा ग्रंथ आपल्या मुंबईत दोन खंडांत छापला गेला. जे दुसऱ्याने शोधले ते आपल्या माणसांना समजेल अशा भाषेत मांडणे, हेही कामच आहे. आणि मांडता मांडता ते प्रथम आपल्यालाच समजते. नुसते डोक्यात असते तोवर प्रत्येक ज्ञान पुरे वाटते. कागदावर उतरू लागले की त्यातली भोके दिसतात.

दुसरी शंका चुकीची. येथील जंतरमंतर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्यातले सम्राटयंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच असून त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता यावी, अशा खुणा त्यावर आहेत. पण एवढे प्रचंड दगडी यंत्र का बांधले? त्याचे कारण जयसिंहाने आपल्या फारसी ज्योतिषग्रंथाच्या प्रस्तावनेत दिले आहे. मुहम्मदशहा बादशहाच्या नावाने सिद्ध केलेल्या या ग्रंथात तो सांगतो की, आधी पितळेची यंत्रे करवली. पण ती लहान पडली, आस झिजले, मध्यबिंदू सरकले, वेध चुकू लागले. म्हणून चुना आणि दगड यांकडे वळलो. दिल्लीचे वेध खरे की खोटे, हे ताडून पाहता यावे म्हणून जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जयिनी येथेही यंत्रे उभारली. श्रोतेहो, एक राजा आपला पहिला प्रयोग फसल्याचे बादशहाला वाचावयास देतो, तर आपण कशाला लाजावे?

याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे. जयसिंहाने युरोपातून द ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके मागविली, ती आपल्या वेधांशी पडताळली, आणि चंद्राच्या स्थानात त्यांची अर्ध्या अंशाची चूक दाखवली. ला हीरने आपली कोष्टके पेटीत कुलूपबंद ठेवली असती तर त्याची चूक कोणाला दिसली नसती, हे खरे. पण ती दुरुस्तही झाली नसती.

आता तिसरी शंका: वाचणार कोण? जयसिंह १७४३ साली निवर्तला. पुढे यंत्रे मोडकळीस आली. विसाव्या शतकाच्या आरंभी गॅरेट नावाच्या इंग्रज अभियंत्याने त्यांची दुरुस्ती हाती घेतली. त्याच्या मदतीस एक तरुण पंडित होते, चंद्रधर शर्मा गुलेरी. 'उसने कहा था' या कथेमुळे पुढे साऱ्या हिंदी जगाला ठाऊक झालेले गुलेरी ते हेच; त्या वेळी ते पुरते विशीचेही नव्हते. यंत्र कशाचे, खुणा कोणत्या, हे जाणून घेण्यासाठी जुन्या ग्रंथांचाच आधार होता. दीडशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याला हे वाचक ठाऊक असणे शक्यच नव्हते. दुरुस्ती संपल्यावर या दोघांनीही १९०२ मध्ये आपल्या कामाचे पुस्तक काढले. घेतले तसे पुढे दिले.

त्याच्याही आधी, १८९० मध्ये, येथील बांधकाम खात्याचे प्रमुख स्विंटन जेकब यांनी जुन्या इमारतींच्या खांबांची, कमानींची, घोड्यांची मोजमापे घेऊन मोठाले नकाशे छापावयास सुरुवात केली. एकूण बारा भाग निघाले. पाने मुद्दाम सुटी ठेवली होती, हवे ते निवडून शेजारी शेजारी ठेवता यावे आणि कारागिराच्या उपयोगी पडावे म्हणून.

हे सारे भाच्याला सांगताना मला माझाच एक प्रमाद आठवत होता. काही वर्षांपूर्वी मी वाळवंटाकडील एका भागात कामावर होतो. तेथे एका पाणीयोजनेवर एक वृद्ध फिटर होता. कोणती चावी किती फेरे फिरवली म्हणजे उंचावरच्या ढाणीला – ढाणी म्हणजे आपली वाडी – पाणी चढते, हे त्या एकट्याला ठाऊक. तो निवृत्त झाला तेव्हा मी त्याला हार घातला, दोन शब्द बोललो. "बाबा, हे एका वहीत लिहून द्या," एवढे मात्र म्हटले नाही. त्याला लिहिता येत नसते तर मी कारकून बसवून लिहवून घ्यावयास हवे होते. चार महिन्यांनी तो वारला. पुढच्या उन्हाळ्यात त्या ढाणीला नऊ दिवस पाणी गेले नाही. बायका डोक्यावर घागरी घेऊन दोन कोस चालत होत्या. माझ्या कचेरीत त्या योजनेचे फाइलींचे गठ्ठे होते; मंजुऱ्या होत्या, हिशेब होते, सह्या होत्या. चावीचे फेरे तेवढे नव्हते.

तेव्हापासून मला वाटते की, जो करतो त्याने लिहावे. विद्वान लिहितातच, पण नेमके कोठे बोट अडकले, हे करणाऱ्यालाच ठाऊक असते. आपली कीर्ती व्हावी म्हणून लिहू लागलो, तर चार दिवसांत कंटाळा येईल. उद्या आपल्याच जागी बसून घाम पुसणाऱ्या माणसासाठी लिहिले, तर विषय कधी संपणार नाही. आणि पुष्कळदा तो माणूस म्हणजे दोन वर्षांनी सारे विसरून गेलेले आपणच असतो!

भाच्याला मी तीनच पथ्ये सांगितली. ज्याचे मीठ खातोस त्याचे गुपित लिहू नकोस. जे समजले नाही ते समजले नाही असेच लिही. आणि प्रत्येक टिपणावर तारीख घाल, म्हणजे वाचणाराला ते किती जुने आहे हे कळेल.

परवा त्याने पहिले टिपण मला दाखवले. त्या रात्रीची हकीकत दीड पानात होती. त्यातली विद्या मला कळली नाही. पण पहिलेच वाक्य असे होते की, आपला पहिला तर्क चुकीचा ठरला. ते वाचून मला बरे वाटले.