पारण्याची परीक्षा

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याची भजी पोटभर खाऊन पुढे चार महिने कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य करणारी घरे यवतमाळ जिल्ह्यात अद्यापि आहेत. कार्तिकात चातुर्मास संपतो. त्या दिवशी भरीत, कांद्याची कोशिंबीर, लसणाची चटणी हे सारे एकाच पानात येऊन बसते. धर्मदृष्ट्या यात काही गैर नाही. परंतु या चार महिन्यांत ज्याची जुनी पोटदुखी थांबली होती आणि पारण्याच्याच रात्री ती पुन्हा उद्भवली, त्याला दोष कांद्याला द्यावा, वांग्याला द्यावा, की स्वतःच्या अधाशीपणाला द्यावा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. चार महिन्यांच्या संयमाने जी माहिती हाती यावयाची, ती एका जेवणात वाया जाते.

आपल्या वैद्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. माधवनिदानात रोग ओळखण्याची जी पाच साधने सांगितली आहेत, त्यांत ‘उपशय’ हे एक आहे. अमुक अन्नाने, औषधाने अथवा विहाराने बरे वाटते काय, हे पाहून रोगाचे स्वरूप ठरवावयाचे. त्याच्या उलट तो अनुपशय. वमन-विरेचनानंतर एकदम पक्वान्नावर न जाता पेया, विलेपी, यूष अशा पायऱ्यांनी अन्नाकडे परत यावे, हाही दंडक जुनाच आहे. तेथे हेतू मंदावलेला अग्नी सांभाळण्याचा होता, अपराधी अन्न शोधण्याचा नव्हता. तथापि एकेक पायरी चढण्याची शिस्त तीच.

पाश्चात्त्य वैद्यकात ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 मध्ये घडविला. पुढे कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील डॉक्टर ॲल्बर्ट रो यांनी संशयित अन्ने काही काळ सर्वस्वी वर्ज्य करून, मग एकेक परत देण्याची पद्धती बसविली. त्यांचा ‘फूड ॲलर्जी’ हा ग्रंथ 1931 चा. रो यांच्या पथ्यांपैकी एकात गहू वर्ज्य, आणि त्याच्या जागी मका व राय ही धान्ये होती. ज्याला मकाच बाधतो असा रोगी त्या पथ्यावर बसला, तर तो शत्रूच्याच घरी आश्रयाला गेला म्हणावयाचे. आजही गहू सोडलेली माणसे सर्रास कॉर्नफ्लेक्सकडे आणि मक्याच्या पिठाकडे वळतात. तेव्हा ही गोष्ट केवळ इतिहासजमा नाही.

आता यवतमाळातील एका गृहिणीची कल्पना करावी. अंगावर गांधी उठतात, पोट फुगते, महिन्यातून चार-पाच दिवस असे जातात. सासूबाई म्हणतात तुरीची डाळ वातूळ. शेजारीण वांग्याला दोष देते. माहेरी हरभऱ्याच्या डाळीवर संशय. तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन आठवडे तांदूळ, मुगाचे वरण, दुधी, दोडका एवढ्यावर काढले. गांधी थांबल्या. येथेच पुष्कळ लोक पथ्य सफल झाले म्हणून थांबतात आणि जन्मभर तूर-वांगे-हरभरा यांना मुकतात. वस्तुतः अद्याप काहीच सिद्ध झालेले नसते. गांधी आपोआपही निवळतात.

तिने पुढचे पाऊल टाकले. पहिल्या दिवशी ज्वारीची भाकर चतकोर, मग अर्धी, मग एक, मध्ये दोन दिवस वाट पाहणे, वहीत टिपण. ज्वारी निर्दोष सुटली. गहू सुटला. तूर सुटली, तेव्हा सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला असेल. वांगेही सुटले. पंधरवडा उलटला आणि एका लग्नातील रात्रीच्या जेवणानंतर तासाभरात पुन्हा गांधी उठल्या. वहीत त्या रात्रीचे पदार्थ होते: भात, वरण, भाजी, आणि वाटीभर दाट सूप. भात, वरण आणि भाजीतील सारे जिन्नस तर आधीच तपासलेले. सूपाला आळण कशाचे होते, असे आचाऱ्याला विचारता उत्तर आले, ‘कॉर्नफ्लोअरचे.’ जिने घरात मक्याची भाकरी कधी थापली नाही, तिच्या यादीत मका मुळी नव्हताच!

ही गृहिणी काल्पनिक आहे. परंतु मक्याचे हे लपणे खरे आहे. मका मूळचा मेक्सिकोचा. कोलंबसानंतर तो जुन्या जगात पसरला आणि पोर्तुगीजांच्या काळात हिंदुस्थानात आला असे सामान्यतः मानतात. कापूस, तूर, ज्वारी आणि आता सोयाबीन यांच्या या जिल्ह्यात मका म्हणजे पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून मीठ-लिंबू चोळलेला भुट्टा, एवढीच त्याची ओळख. पण कणसाखेरीज तो किती रूपांनी घरात शिरतो पाहावे. कस्टर्डच्या भुकटीत बहुधा त्याचेच सत्त्व. गाडीवरच्या मांचुरियनच्या रश्शात तो. बेकिंग पावडरीत तो. औषधाच्या गोळ्या बांधण्यासही मक्याचा स्टार्च वापरतात. म्हणजे गांधींवर घेतलेल्या गोळीतही तो असू शकतो. शिकागोचे डॉक्टर थेरॉन रँडॉल्फ यांनी 1940 नंतरच्या दशकात या छुप्या मक्याकडे लक्ष वेधले. त्यांची पुढची अनेक मते वैद्यकाने स्वीकारली नाहीत, पण हे निरीक्षण टिकले.

शिजविल्याने दोष जाईल, ही आशाही येथे फोल ठरते. इटलीतील संशोधकांनी 2000 मध्ये मक्यातील ज्या मुख्य प्रथिनाचा छडा लावला, ते उष्णतेला दाद देत नाही. तेव्हा भाजलेला भुट्टा आणि उकडलेला भुट्टा यांत निवड करण्यात अर्थ नाही. उलट, शुद्ध केलेले मक्याचे तेल वा ग्लुकोज यांत प्रथिन जवळजवळ उरत नसल्याने पुष्कळ रोग्यांना ती बाधत नाहीत. वेष्टनावरच्या मजकुराचाही पुरता आधार नाही. भारतातील 2020 च्या नियमांनुसार गहू, दूध, अंडी, भुईमूग, सोयाबीन इत्यादींचा ॲलर्जीकारक म्हणून वेगळा उल्लेख सक्तीचा आहे. त्या यादीत मका नाही. घटकांच्या बारीक अक्षरांत ‘स्टार्च’ किंवा ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ असे लिहिलेले असते, आणि ते मक्याचे की बटाट्याचे, हे ग्राहकाने ओळखावे अशी अपेक्षा!

मका सिद्ध झाला की लगेच ज्वारीवरही वहीम घेतला जातो, कारण वनस्पतिशास्त्रात ही दोन्ही तृणे जवळच्या कुळातील. विदर्भातील घरात भाकर आणि कण्या बंद होणे म्हणजे निम्मे स्वयंपाकघर बंद होणे होय. परंतु नाते जवळचे म्हणून गुन्हा सामाईक ठरत नाही. ज्वारीची परीक्षा ज्वारीनेच व्हावी, आणि आपल्या गृहिणीच्या वहीत ती झालेलीच होती.

तरीही एका सूपावरून निकाल देऊ नये. मनात भय बसले की नुसत्या वासानेही पोट ढवळते. म्हणून शास्त्रात रोग्यालाही माहीत नसते व देणाऱ्यालाही माहीत नसते अशा रीतीने अन्न देऊन परीक्षा घेतात. अमेरिकेतील डॉक्टर चार्ल्स मे यांनी 1976 मध्ये दमेकरी मुलांवर ही रीत वापरून दाखविली. त्वचेवरील चाचणी होकारार्थी येऊनही ते अन्न सुखाने पचविणारी माणसे पुष्कळ आढळतात, हे अशाच परीक्षांतून दिसले. शिवाय मक्याने होणारा प्रत्येक त्रास ॲलर्जीचाच असेल असे नाही. गोड मक्यातील काही शर्करा आतड्यात आंबून वायू धरतात. तेथे अर्धे कणीस चालते आणि दोन चालत नाहीत. ॲलर्जीत मात्र चिमूटही पुरते.

हा भेद जिवावर बेतणारा आहे. अमेरिकेतील डॉक्टर हर्बर्ट रिंकेल हे अंडी भरपूर खात असत आणि त्यांचे नाक सतत वाहत असे. त्यांनी काही दिवस अंडी सोडली, बरे वाटले. मग वाढदिवसाच्या केकमधून नकळत अंडे पोटात गेले आणि ते बेशुद्ध होऊन कोसळले. स्वतःच्याच अनुभवावरून त्यांनी पुढे या विषयाचा अभ्यास केला. ज्याला पूर्वी कधी ओठ सुजले, घसा आवळला, श्वास लागला किंवा घेरी आली असेल, त्याने वर्ज्य अन्नाची परीक्षा घरी कदापि करू नये. ती रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखत, ॲड्रेनलीनचे इंजेक्शन हाताशी ठेवून व्हावी. दमेकरी, लहान मुले आणि गर्भवती यांनी वर्ज्य-पथ्यही परस्पर आरंभू नये. वाढत्या पोराला महिनाभर भात-वरणावर ठेवणे हे पथ्य नव्हे, कुपोषण आहे.

आपल्या गृहिणीला तसले लक्षण कधी झाले नव्हते. डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर, सूपानंतर दहा दिवसांनी, तिने त्यांच्याच दवाखान्यात बसून भुट्ट्याचे चार दाणे खाल्ले, अर्ध्या तासाने आणखी दहा. चाळीस मिनिटांत मनगटावर पहिली गांधी उठली. परत आल्यावर तिने वहीत तारीख व वेळ लिहिली, कस्टर्डचा डबा फळीवरून काढून शेजारणीला दिला, आणि रात्री सर्वांसाठी तुरीचे वरण रांधले.