डाख देण्याचे कौशल्य



घरातील दूरदर्शन संच बंद पडला की सारा संचच निकामी झाला, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात अनेकदा वीजपुरवठ्याच्या सर्किट बोर्डावरील एखादा कपॅसिटर तेवढा फुगलेला असतो. भाग काही रुपयांचा. परंतु तो बदलणारा जाणता हात न मिळाल्यास सबंध बोर्ड भंगारात जातो. असा हात घडविण्याचे कार्य औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील 'इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करीत आहे.

या विद्येचे मूलतत्त्व जुनेच आहे. कल्हईवाला भांडे प्रथम तापवितो, नवसागराने स्वच्छ करतो आणि मगच कथील फिरवितो. धातू तप्त व निर्मळ असल्याखेरीज कथील धरत नाही. बोर्डावर मात्र नवसागर वा आम्ल वर्ज्य होय. त्याचा अंश मागे राहिल्यास तांब्याच्या बारीक रेषा झिजतात. येथे राळ वापरतात व ती बहुधा डाखाच्या तारेच्या पोटातच भरलेली असते.

६० टक्के कथील व ४० टक्के शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो. कथील, चांदी व तांबे यांच्या शिसेविरहित डाखास सुमारे २१७ अंश लागतात. नवशिका सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर डाख वितळवून तो सांध्यावर थापतो. असा सांधा वरून धरल्यासारखा दिसतो, पण आतून सुटाच राहतो. कारागीर त्यास 'ड्राय सोल्डर' म्हणतात. म्हणून आयर्नचे टोक भागाचा पाय व बोर्डावरील तांब्याची चकती या दोहोंना एकाच वेळी टेकवावे आणि तार तापलेल्या सांध्याला लावावी. सामान्य सांध्यास दोन-तीन सेकंद पुरतात.

जुना भाग काढणे याहून नाजूक. डाख पुरता वितळण्यापूर्वी ओढल्यास चकतीच उखडते. वितळलेला डाख पंपाने अथवा तांब्याच्या विणलेल्या पट्टीने शोषून घ्यावा. त्यापूर्वी वीजजोड काढणे अत्यावश्यक. २३० व्होल्टवर चालणाऱ्या संचातील मुख्य कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा भार जोड काढल्यावरही उरू शकतो. तो योग्य रोधाद्वारे रिता करून मीटरने तपासावा. नव्या कपॅसिटरची धारकता तीच असावी. व्होल्ट-क्षमता तेवढीच किंवा अधिक चालते. अंगावरील पट्टा ऋण पायाची खूण होय. पाय उलटे जोडल्यास कपॅसिटर फुटू शकतो.

काम हवेशीर जागी करावे व नंतर हात स्वच्छ धुवावेत. शिसे पोटात जाणे घातक आहे.

पहिले शंभर सांधे भंगारातील बोर्डांवरच द्यावेत. ग्राहकाचा संच ही गिरविण्याची पाटी नव्हे. विश्वासाने सोपविलेला संच दुरुस्त होऊन परत गेला, की त्याच घरातून दुसरे काम येते. तरुण कारागिराच्या स्वयंरोजगाराचा पाया असा एकेका पक्क्या सांध्याने रचला जातो.